बापावर गेलाय, की बापामुळे?

एका मावशीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बहिणीचा मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. वडील दारू पिऊन बहिणीला मारायचे, मध्ये पडला तर पोरालाही. तो दुसरीत असताना बहीण त्याला घेऊन माहेरी आली ती कायमची; आता शिवणकाम करते. मुलगा एका जागी बसत नाही, वह्या-डबे हरवतो, क्षुल्लक कारणावरून भडकतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. मागच्या महिन्यात त्याच्या हातावर ब्लेडचे ओरखडे दिसले. एका डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलता आवरत नाही, ते) सांगून गोळी लिहून दिली. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, गोळीबिळी नको, हा लहानपणीचा ट्रॉमा, म्हणजे मनावरचा आघात आहे. आणि आजीचं निदान पहिल्या दिवसापासून पक्कं: बापावर गेलाय. तिघांतलं कोणाचं खरं? आणि हा पुढे बापासारखाच होणार का?

ताई, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी मुलांची मानसोपचारतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षं बसते आहे. माझ्या मते तिघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. गंमत म्हणजे त्या पोराला सगळ्यात जास्त लागणारं जे वाक्य आहे, तुमच्या आईचं, त्यातही शास्त्राचा एक धागा आहे. फक्त तो उलट्या बाजूने धरलाय. त्याकडे येते.

आधी ओरखडे, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. त्याच्याशी एकट्याने बसा आणि सरळ विचारा, "कधी मरून जावंसं वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे, यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. माझ्यासमोर तर बहुतेक पोरं हा प्रश्न आला की खांदे सैल सोडतात. कोणीतरी एकदाचं विचारलं, म्हणून. कापून घेणारी सगळीच मुलं मरायला निघालेली नसतात, बरीचशी आतला कालवा शांत करायला कापतात. पण म्हणून "नाटकं करतोय" म्हणायचं नाही, कारण कापून घेणाऱ्यांना पुढे जिवाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही तितकंच पक्कं आहे. घरात शेती असेल तर फवारणीचं औषध आजच कुलपात घाला, जमलं तर घरातूनच हलवा. हा उपाय इतका साधा आहे की लोकांना तो उपायच वाटत नाही. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घालत नेली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तिथल्या माणसांची दुःखं काही दहा वर्षांत निम्मी झाली नव्हती, हाताशी विष नव्हतं इतकंच. तो "हो" म्हणाला तर दहावी, क्लास, सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि तोवर त्याला एकट्याला सोडू नका. रात्री-अपरात्री कोणीच सापडलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मुलांसाठीचा १०९८ तुम्हाला माहीत असेलच.

आता निदानाकडे.

एडीएचडी हा वाढीतला फरक आहे, वळण नसल्याचा पुरावा नव्हे. कपाळामागचा मेंदूचा जो भाग "थांब, आधी हे संपव" असं सांगतो, तो सगळ्यांमध्येच सर्वांत उशिरा, पंचविशीच्या आसपास पिकतो. एडीएचडीत आणखी उशीर होतो. २००७ मध्ये फिलिप शॉ आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी शेकडो मुलांचे मेंदू वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा स्कॅन करून पाहिले. मेंदूच्या सालीची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी शिखर गाठते, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या. तीन वर्षांचा फरक. म्हणजे चौथीतल्या पोराकडून आपण चौथीची अपेक्षा करतो आणि त्याचा ब्रेक पहिलीचा असतो. मग रट्टे खातो, आणखी काय होणार?

हे निदान करायला स्कॅन किंवा रक्ततपासणी लागत नाही. खरं म्हणजे त्याने होतच नाही. लागते ती जुनी, कंटाळवाणी चौकशी. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, आणि घर, शाळा, शिकवणी अशा किमान दोन ठिकाणी हवीत. मी नेहमी अंगणवाडीपासून सुरू करते. तिथल्या ताई काय म्हणायच्या? पहिलीत बाकावर टिकायचा का? दुकानात पाठवला तर तीन वस्तूंतल्या किती आणायचा? घरी वांड आणि शाळेत शहाणा असेल तर मी घराकडे बघते. शाळेत वांड आणि बाकी सगळीकडे ठीक असेल तर वाचता येतं का ते आधी तपासते, कारण अध्ययन अक्षमता असलेलं पोर फळ्याकडे बघून करणार तरी काय?

तुमच्या भाच्याच्या बाबतीत मात्र ही चौकशी एका ठिकाणी अडते, आणि दोन जाणकार माणसांची दोन मतं पडली ती त्यामुळेच. "मार सुरू होण्याआधी कसा होता?" हा माझा हुकमी प्रश्न. त्याला तसा "आधी" नाहीच. तो जन्मला त्या घरात मारहाण होतीच.

भीतीत वाढलेल्या मुलाचं लक्ष कमी नसतं, ते दुसरीकडे लागलेलं असतं. काही वर्षांपूर्वी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणली होती (ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते). शाळेची तक्रार होती, अजिबात लक्ष देत नाही. माझ्या खोलीत ती भिंतीला पाठ लावून बसली, आणि बाहेर चप्पल वाजली की प्रत्येक वेळी चित्र रंगवता रंगवता दाराकडे बघायची. पाऊण तासात मी अठरा वेळा मोजलं. लक्ष देत होती की पोरगी! दाराकडे देत होती. सेथ पोलक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मारहाण सोसलेल्या मुलांना हळूहळू बदलत जाणारे चेहरे दाखवले. चेहऱ्यावर राग जेमतेम उमटायला लागला, इतर मुलांना अजून काहीच कळलेलं नाही, तेवढ्यात या मुलांनी राग ओळखला. आता ही कला म्हणायची की आजार? दारूड्या बापाच्या घरात ती कला आहे. कडी वाजली की आवाजावरून कळायला हवं, आज काय घेऊन आलाय. अडचण अशी की तीच नजर तो शाळेत घेऊन जातो. सर नुसते कपाळाला आठी घालून फळ्याकडे वळले तरी याला हल्ला दिसतो, आणि तो आधी भडकतो. तुम्ही "क्षुल्लक कारणावरून" असं लिहिलंय. ज्याचं अंग सहा-सात वर्षं तसं घडलं, त्याला ते क्षुल्लक नसतं.

झोपेचंही तसंच. "मोबाईलमुळे जागतो" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकते, आणि निम्म्या वेळा ते उलटं निघतं: जाग असते म्हणून मोबाईल असतो. वडील घरी कधी यायचे हे एकदा बहिणीला विचारा. रात्री अकरा-बारा म्हणाली तर गणित सुटलं. त्या वेळेला झोपणं धोक्याचं हे त्याचं शरीर पहिल्या काही वर्षांत शिकून बसलंय. धोक्याला तोंड द्यायला कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं शरीर सोडतं ती थोडा वेळ कामाची असतात. रोज रात्री सोडावी लागली की त्या यंत्रणेचीच झीज होते, तिचा काटा हलतो. आता यात मेख अशी की एडीएचडीच्या मुलांचंही शरीराचं घड्याळ बऱ्याचदा उशिरा चालतं. म्हणजे नुसत्या जागरणावरून दोन्हींतलं काहीच सिद्ध होत नाही. माझ्या क्षेत्रात हे असंच आहे. एकेका लक्षणाला दोन-दोन बाप.

भीतीचा मार्ग एक, उणिवेचा मार्ग दुसरा, आणि ते मेंदूला वेगवेगळ्या तऱ्हेने घडवतात, हा भेद आता अभ्यासक बराच मानतात. भीती मुख्यतः भावना आणि धोका ओळखण्याच्या यंत्रणेवर काम करते. उणीव म्हणजे बोलणं, खेळवणं, दखल घेणं हेच न मिळणं. ती भाषा आणि लक्ष-नियोजनाच्या यंत्रणेवर. उणिवेचं सगळ्यात भयंकर उदाहरण रुमानियाचं. हुकूमशहा चाउशेस्कू यांच्या राजवटीत १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ बंदी आली, नको असलेली मुलं अनाथालयांत साठत गेली, आणि १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा जगाने ती पाहिली: पाळण्यांच्या रांगा, एकेका आयाकडे डझनावारी बाळं. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमध्ये अशा १३६ बाळांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून निम्मी मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांत गेली, निम्मी तिथल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. घर मिळालेल्या मुलांची बुद्धी, जिव्हाळा जोडण्याची क्षमता सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालं त्यांची जास्त. चिंता-उदासीचे आजारही कमी झाले. पण एडीएचडीसारखी लक्षणं? ती फारशी हटली नाहीत. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांवर मायकेल रटर यांनी जो अभ्यास केला, त्यातही जी मुलं सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ अनाथालयात होती त्यांच्यात हीच चंचलता मोठेपणापर्यंत टिकलेली दिसली.

म्हणजे "एडीएचडी जन्मजातच असतो, परिस्थितीचा संबंध नाही" हेही ठाम सांगता येत नाही. टोकाची उणीव तसंच काहीतरी घडवू शकते, आणि ते नंतरच्या प्रेमाने सहज पुसलं जात नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रुमानियाची ही माहिती ऐकली की आपल्याकडचे काही शिक्षक लगेच ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे बोट दाखवतात. दिवाळीनंतर कोयता निघतो, नवरा-बायकोची जोडी कारखान्याच्या भागात जाते, पोरं सोबत कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, नाहीतर गावात आजी-आजोबांकडे. शाळा बुडते हे खरं, मोठी मुलगी दहाव्या वर्षी धाकट्याची आई होते हेही खरं, आणि त्याची किंमत पोरांना मोजावी लागते. पण गरिबी आणि हेळसांड या दोन गोष्टी एक नाहीत. पहाटे तीनला फडात निघताना बाळाला पाठुंगळीला बांधून त्याच्याशी गप्पा मारत जाणारी आई मी पाहिली आहे, आणि शहरातल्या मोठ्या फ्लॅटमध्ये टॅबलेटच्या हवाली केलेली बाळंही. मुलाला काय मिळालं ते घराच्या छपरावरून ओळखू नये.

परत तुमच्या भाच्याकडे येते, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. जन्मजात की परिस्थिती, असा हा झगडा आपण मांडतो, जणू दोन वेगळे नळ एका हौदात पडतायत. प्रत्यक्षात एक दुसऱ्याला ओढून आणतं. ज्याचा ब्रेक कच्चा आहे असं पोर शांत बापाच्या घरात जन्मलं तर दिवसाला चार वेळा ओरडा खातं. तेच पोर दारू पिऊन आलेल्या बापाच्या घरात जन्मलं, तर बाप आल्यावर भावंडं गोधडीत गप्प पडून राहतात आणि हा नेमका उठून मध्ये जातो. तुम्हीच लिहिलंय, "मध्ये पडला तर पोरालाही." तो शूर होता म्हणून मध्ये पडला असेल. थांबता आलं नाही म्हणूनही पडला असेल. बहुधा दोन्ही.

मुलाची चंचलता मोठ्यांचं वागणं कसं बदलते, हे १९७९ मध्ये रसेल बार्कली यांनी एका सुंदर प्रयोगात दाखवलं. चंचल मुलांना कधी खरं औषध दिलं, कधी नुसती पिठाची गोळी, आणि आईला कोणती दिली ते माहीत नाही. आयांना काहीच शिकवलं नव्हतं. खऱ्या औषधाच्या दिवशी मुलं ऐकायला लागली, आणि आयांचं हुकूम सोडणं, टोकणं आपोआप कमी झालं. पुढे दत्तक कुटुंबांतही हेच दिसलं. जिथे आई आणि मूल यांच्यात रक्ताचं नातंच नाही, तिथेही मुलाचा उतावळेपणा आईचा कडवटपणा वाढवतो आणि तो कडवटपणा मुलाची लक्षणं टिकवतो. यातून मार खाणं मुलाची चूक ठरत नाही. हात उचलणारा हाताचा जबाबदार. पण डॉक्टर आणि समुपदेशक बाई एकमेकांना का खोडून काढत होते ते यातून कळतं. त्यांनी एकाच जात्याच्या दोन तळ्या पाहिल्या.

आता आजी.

एडीएचडीचं आनुवंशिक प्रमाण जुळ्यांच्या अभ्यासांत साधारण ७० ते ८० टक्के निघतं. याचा अर्थ तुमच्या भाच्याचा पाऊण एडीएचडी बापाकडून आला असा नाही. लोकांलोकांत जो फरक दिसतो त्यातला बराचसा जनुकांशी जोडलेला आहे, इतकाच. पण कुटुंबात तो उतरतो, हे खरं. म्हणून असं मूल आलं की मी बापाची शाळा विचारते. दहातल्या निदान तीन-चार घरांत एकच गोष्ट निघते: सातवीत शाळा सोडली, पोटात आग असल्यासारखा एका धंद्यातून दुसऱ्यात, गाडी जोरात, रागाला थारा नाही, विशीच्या आत दारू. निदान न झालेला, उपचार न झालेला एडीएचडी व्यसनाची वाट सोपी करतो, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलं आहे. तुमच्या मेहुण्यांना तो होता असं मी न बघता म्हणणार नाही. असला तरी त्यांनी जे केलं ते माफ होत नाही. एडीएचडी असलेली बहुसंख्य माणसं बायकोवर हात टाकत नाहीत. पण समजा होता. तर आजीचं वाक्य नीट वाचायचं ते असं: बापाला जे होतं आणि ज्याचा कोणी इलाज केला नाही, ते कदाचित यालाही आहे, आणि याचा इलाज करता येतो.

"बापासारखाच होणार का" याचं उत्तर आकड्यांत द्यायचं तर दोन अभ्यास सांगते. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी अमेरिकेत न्यायालयीन नोंद असलेल्या, मारहाण किंवा हेळसांड सोसलेल्या मुलांचा मागोवा घेतला. १९८९ च्या त्यांच्या निष्कर्षांत यांतल्या २६ टक्के मुलांवर अल्पवयात अटकेची वेळ आली होती, इतर मुलांत ती १७ टक्क्यांवर. धोका वाढतो, यात वाद नाही. पण १०० मुलांमागे ७४ मुलांच्या नावे तशी नोंद झालीच नाही, हे वाचायला लोक विसरतात. दुसरा अभ्यास स्वीडनचा, २०१२ चा: एडीएचडीच्या २५ हजारांहून अधिक माणसांच्या नोंदी पाहिल्या. तीच माणसं औषध घेत होती त्या काळात, औषध बंद असतानाच्या तुलनेत, पुरुषांचे गुन्हे ३२ टक्क्यांनी कमी भरले. गोळीने माणूस सज्जन होतो असं नाही. हात उठणं आणि हात पडणं यांच्यामध्ये अर्ध्या क्षणाची जागा मिळते. बापाला ती कधी मिळाली नसेल.

इंटरनेटवर "बालपणीच्या आघातांचा स्कोअर" म्हणून दहा प्रश्नांची यादी फिरते, तुमच्या बहिणीनेही भरली असेल. ती यादी व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांच्या सॅन दिएगोमधल्या अभ्यासातून आली, पहिला लेख १९९८ चा. चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पट जास्त आढळले, आणि आरोग्यशास्त्राला हा मोठा धक्का होता. पण हा हिशेब हजारोंच्या गर्दीचा. एका माणसाचं भविष्य त्यातून काढू नका, असं पुढे खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये लिहून सांगितलं. मार एकदा बसला की रोज, दुसऱ्या वर्षी की बाराव्या, शेजारी एखादी आजी होती की नव्हती, हे त्या स्कोअरमध्ये कुठेच नसतं. मी माझ्या ओपीडीत तो फॉर्म ठेवत नाही. पालक त्याची कुंडली करतात.

त्याऐवजी मला २०२० चाच एक वेगळा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. विडम आणि अँड्रिया डॅनेझे यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या: लहानपणी काय घडलं याची न्यायालयातली नोंद, आणि मोठेपणी त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेली आठवण. मानसिक आजारांचं नातं जास्त घट्ट निघालं ते आठवणीशी. नोंद आहे पण स्वतःला तशी आठवण नाही, अशांना आजाराचा धोका फारसा वाढलेला नव्हता. याचा अर्थ "विसर बाबा" असं सांगायचं असा नव्हे, सांगून कोणी विसरत नाही. मी यातून घेते ते असं की जे घडलं त्याची गोष्ट मूल स्वतःला कशी सांगतं, हा आजाराचाच एक भाग आहे, आणि तिथे उपचाराला जागा आहे. आता बघा, हा पोरगा आठ वर्षं स्वतःची कोणती गोष्ट ऐकतोय? रोज, प्रेमाच्या माणसाकडून, जेवताना? बापावर गेलाय. बापाला तर घरात राक्षस म्हणतात. मग तो आरशात कोणाला बघतो, आणि ब्लेड कोणावर चालवतो?

तुमच्या आईंना दोष देऊ नका. लेकीचे सुजलेले डोळे त्यांनी पाहिलेत, नातवाचा आवाज चढला की त्यांचंही काळीज लक्कन हलतं. धोका ओळखायची ती यंत्रणा त्यांच्यातही तशीच बिघडली आहे. त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. म्हाताऱ्या माणसांना लेकींपेक्षा पांढरा कोट पटतो, त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

उपचाराचं म्हणाल तर मी कारणाचा निकाल लागायची वाट बघत बसणार नाही. निदान चौकशीत बसत असेल तर एडीएचडीची गोळी द्यायला लहानपणीचा मार आड येत नाही. ती झोपेची गोळी नाही, आणि मेंदू "सुन्न" करत नाही. भूक आणि झोप कमी करू शकते, म्हणून वजन आणि रक्तदाब बघत राहावं लागतं, आणि तुमच्या भाच्याची झोप आधीच बिघडलेली असल्याने वेळ आणि मात्रा डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा. घरात कोणी व्यसनी येत-जात असेल तर गोळ्या आईच्या ताब्यात. उत्तेजक नसलेली औषधंही असतात. एक मात्र नक्की: तो चिडतो आणि कापून घेतो हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना माहीत आहे का, याची खात्री करा. पाच मिनिटांच्या तपासणीत हे बऱ्याचदा राहून जातं.

समुपदेशक बाईंचंही ऐकायचं, गोळीबद्दलचं सोडून. आघातावर नेमून केलेली बोलण्याची उपचारपद्धती आहे, बारा ते पंचवीस बैठकांची, आईला सोबत घेऊन चालणारी, आणि तिचा पुरावा चांगला आहे. ती शिकलेली माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी मोजकी असतात हे मला ठाऊक आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात विचारा, ऑनलाइनही चालतं. पहिल्याच बैठकीत "सांग बाबाने काय केलं" असं कोणी खोदायला लागलं तर तिथून उठा. आधी अंग शांत करायला शिकवतात, गोष्ट नंतर येते, त्याच्या गतीने.

आणि बहीण. तिच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, शिवणकाम करते. ती झोपते का? हसते का? २००६ मध्ये मर्ना वाइसमन यांच्या अभ्यासात नैराश्य असलेल्या आयांवर उपचार केले, मुलांवर वेगळं काहीच नाही. ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधले आजार कमी झाले, ज्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांमध्ये वाढले. पोरासाठी हजार रुपये लगेच काढणारी आई स्वतःसाठी शंभर काढत नाही, म्हणून हे तुमच्याकडूनच व्हायला हवं.

दहावीचं एक. वाचन-लेखन तपासलं नसेल तर आत्ताच तपासून घ्या. अध्ययन अक्षमता निघाली तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण प्रमाणपत्राला ठराविक सरकारी रुग्णालयात खेटे घालावे लागतात, फेब्रुवारीत जाग येऊन उपयोग नाही. शाळेत अजून कोणी हात उगारत असेल तर विद्यार्थ्याला मारायची मुभा कायदा देत नाही हे मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. मारून शिस्त लागेल असं ज्याला वाटतं, त्याने या पोराच्या पहिल्या सात वर्षांकडे बघावं. मारात काही कसर राहिली होती का?

पुढच्या भेटीला जाताना पहिली ते चौथीची प्रगतिपुस्तकं शोधून न्या. गुण राहू द्या, वर्गशिक्षिकेने लाल शाईने लिहिलेले शेरे वाचायचे आहेत. दुसरीत शाळा बदलली, तेव्हा दोन्ही शाळांचे मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण मार बंद झाल्यावर शेरे बदलले की तसेच राहिले, हे त्यातून दिसेल. आणि सासरकडे एखादी बोलणारी चुलती किंवा आत्या उरली असेल तर तिला फोन करून एवढंच विचारा, त्याचे वडील लहानपणी शाळेत कसे होते.